कंबर धरते, खांदा भरून येतो. मग बागकाम सोडायचं का?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या उपचारांबद्दल मार्गदर्शिका काढली. त्यातली 'हे करू नका' ही यादी जास्त लक्षात राहते. रोजच्या उपचारात कंबरपट्टा नको, वजन टांगून कंबर ताणणं नको, अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या नकोत. करायचं काय, तर दुखणं समजून घ्यायचं आणि व्यायाम करायचा. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग छापून आला. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ लोक त्यात होते. काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढत जाणारं चालणं नेमून दिलं, बाकीच्यांना काहीच दिलं नाही. काहीच न दिलेल्या गटातल्या निम्म्या लोकांचं दुखणं ११२ दिवसांत उलटलं. चालणाऱ्या गटात तोच टप्पा यायला २०८ दिवस लागले.

साठी-सत्तरीतल्या बागकाम करणाऱ्या माणसाला हे वाचून पुढचाच प्रश्न पडतो. चालायचं हे ठीक आहे, पण खुरपायचं कसं? कुंडी हलवायची का? घरचे म्हणतात, आता पुरे. दवाखान्यात सांगतात, वाकू नका, वजन उचलू नका. बागेत मात्र वाकल्याशिवाय आणि उचलल्याशिवाय होणारं काम शोधूनच काढावं लागतं.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेकांना बागकाम सोडायची गरज नसते. बदलायच्या असतात त्या तीन गोष्टी: एका दमात किती काम करतो, वजन अंगापासून किती लांब धरतो, आणि काम किती उंचीवर करतो. हे तिन्ही का महत्त्वाचं, ते कळायला पाठ आणि खांदा कसे चालतात हे थोडं पाहावं लागेल.

## अहवालात 'चकती झिजली' लिहिलंय, त्याचं काय?

दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिच्या बाहेर चिवट तंतूंचे थर असतात आणि आत पाणीदार गाभा. वय वाढतं तसं गाभ्यातलं पाणी कमी होतं, चकतीची जाडी घटते, कडा थोडी बाहेर येते. एमआरआयच्या अहवालात यालाच झीज आणि फुगवटा म्हटलेलं असतं. तो कागद वाचला की पोटात गोळा येतो, आणि माणूस त्या दिवसापासून जपून जपून, लाकडासारखा वावरायला लागतो.

पण पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांची अशीच चित्रं काढली तर? तसे अभ्यास झालेत. त्यातल्या ३,११० लोकांची माहिती २०१५ मध्ये एकत्र करून पाहिली गेली. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या लोकांत हे प्रमाण ९६ टक्के होतं. फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीला ८४ टक्के. म्हणजे उतारवयात चकती झिजलेली नसेल तरच नवल. केस पांढरे झाले म्हणून कुणी डोक्यावर उपचार करत नाही. अहवालातल्या निम्म्या ओळी त्याच जातीच्या असतात.

कंबरदुखीच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण नऊ जणांत दुखण्याचं एकच एक ठोस कारण दाखवता येत नाही. याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा नाही. स्नायू, मणक्यांचे छोटे सांधे, चकती, तिथल्या नसा, या सगळ्यांचा त्यात थोडाथोडा वाटा असतो, आणि कुणाचा किती ते वेगळं काढता येत नाही. शिवाय एकदा जोराची उसण भरून गेली की मज्जासंस्था त्या जागेबद्दल जास्त सावध होते. पूर्वी जे वाकणं तिने चालवून घेतलं असतं, त्यालाही ती कळ काढून विरोध करते. झोप नीट झाली नसेल, कसली काळजी लागली असेल, तर तेच काम त्या दिवशी जास्त दुखतं. दुखतंय तेवढं आत मोडतंय, असा हिशोब पाठीच्या बाबतीत लागत नाही. बागेत परत जाण्यासाठी मला तरी हीच सगळ्यात उपयोगाची माहिती वाटते.

## दहा लिटरची झारी खरं तर किती जड असते?

पाणी लिटरला एक किलो. म्हणजे भरलेली दहा लिटरची झारी दहा किलोंहून जड. ओली माती तर त्याहून भारी. एक लिटर ओली माती दीड किलोच्या वर जाते. पण पाठीला किलोंपेक्षा अंतराचा त्रास जास्त होतो. हात लांब करून धरलेली झारी आणि मांडीला टेकवून धरलेली झारी यांचं वजन काट्यावर सारखंच भरतं. पाठीच्या स्नायूंना मात्र पहिलीसाठी कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर चकतीवर दाब म्हणून येतो.

हा दाब मोजलेला आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून मोजमापं घेतली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या कंबरेच्या चकतीत बारीक दाबमापक बसवून रोजच्या हालचाली तपासल्या. नुसतं सरळ उभं राहिल्यावर जो दाब येतो तो एक धरू. वीस किलो वजन छातीजवळ धरून उभं राहिलं की तो दुपटीच्या थोडा वर जातो. तेच वजन छातीपासून साठ सेंटीमीटर लांब धरलं की साडेतीन पटींच्या वर. गुडघे वाकवून उचललं तर साधारण साडेतीन पट, आणि पाठ गोल करून उचललं तर साडेचार पट.

यातला एक आकडा बागकाम करणाऱ्याने खास लक्षात ठेवण्यासारखा आहे. हातात काहीही न घेता नुसतं पुढे वाकून उभं राहिलं, तरी दाब दुपटीच्या वर गेला होता. वीस किलो छातीशी धरून उभं राहण्याएवढाच. तेव्हा उभ्याने वाकून तण उपटणं हे 'हलकं काम' आहे ही समजूत पाठीला मान्य नाही.

मोजमापं एकाच माणसावरची आहेत आणि दाब म्हणजे दुखणं नव्हे, हे दोन्ही खरं. निरोगी चकती हे दाब आयुष्यभर सोसते. पण आधीच कुरकुरणाऱ्या पाठीला कुठे सूट देता येईल, ते या आकड्यांतून दिसतं.

## 'पाठ ताठ ठेवा, गुडघ्यांत वाका' हे कितपत खरं?

अर्धं. वजन उचलण्याची योग्य पद्धत शिकवल्याने कामगारांची कंबरदुखी टळते का, हे तपासणाऱ्या प्रयोगांचा आढावा २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. शिकवल्याचा ठोस फायदा त्यात दिसला नाही. पाठ वाकण्यासाठीच बनलेली आहे. वाकली म्हणून ती बिघडत नाही. शिवाय सत्तरीतल्या कितीजणांचे गुडघे दर वेळी पूर्ण बसून उठायला तयार असतात? पाठ वाचवायला जाऊन गुडघे धरून बसायचं, यात शहाणपणा नाही.

मग करायचं काय? वजन अंगाजवळ आणायचं, हे पहिलं. पोतं किंवा कुंडी आधी पायांशी ओढून घ्यायची, मग पोटाला टेकवून उचलायची. दुसरं, कंबरेच्या वर असलेल्या मणक्यांतून वाकण्याऐवजी खुब्यातून वाकायचं: ढुंगण मागे, गुडघे किंचित सैल, छाती समोर. तिसरं, जमिनीवरची कात्री किंवा पडलेलं फूल उचलताना एक हात मांडीवर किंवा कुंडीच्या काठावर टेकवायचा आणि त्याच वेळी एक पाय मागे उचलायचा. तो मागे गेलेला पाय वजनाचा तोल साधतो. तोल जात असेल तर हा प्रकार आधार धरल्याशिवाय करू नये.

आणि एक वेळेची गोष्ट. बराच वेळ वाकून बसलं की पाठीतले अस्थिबंध हळूहळू ताणले जातात आणि लगेच मूळ लांबीवर येत नाहीत. तेवढ्या वेळात पाठ जराशी सैलच असते. अर्धा तास खुरपून उठायचं आणि उठल्याउठल्या मातीने भरलेली कुंडी उचलायची, ही उसण भरण्याची ठरलेली वेळ आहे. उठा, चार पावलं फिरा, पाण्याचा नळ बघा, वाळकी पानं गोळा करा. कुंडी कुठे पळून जात नाही.

## सकाळी उठल्या उठल्या वाकू नये, ते का?

रात्री आडवं झाल्यावर चकत्या पाणी शोषून घेतात आणि फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही जास्त उंच असतो. भरलेली चकती वाकायला जड जाते आणि तिच्या बाहेरच्या थरांवर ताण जास्त येतो. जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांना सकाळचं वाकणं कमी करायला शिकवलं तर त्यांचं दुखणं कमी होतं, असं १९९८ मध्ये स्नूक आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात दाखवलं.

पहाटे बागेत जाण्याची सवय मोडायला कुणी सांगत नाही. फक्त क्रम बदलायचा. पहिल्या तासाभरात पाइपने पाणी घालणं, छातीच्या उंचीवरची वाळकी फुलं खुडणं, रोपांवर कीड दिसते का हे पाहणं. जमिनीलगतची कामं नंतर.

## खांद्याचं गणित पाठीपेक्षा निराळं

खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. त्याची खोबण उथळ असते, म्हणून हात सगळीकडे फिरतो. बाहूच्या हाडाचा गोल माथा त्या उथळ खोबणीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम चार छोट्या स्नायूंकडे आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांकडे असतं. या चौकडीला रोटेटर कफ म्हणतात. उतारवयातली बरीचशी खांदेदुखी इथली असते. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते, दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं, आणि त्या कुशीवर झोपता येत नाही.

यातलेही पट्टे वयानुसार विरतात, काहींचे फाटतात, आणि फाटलेल्यांपैकी अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे इथेही चित्रात दिसलेलं आणि जाणवणारं जुळतंच असं नाही. खांद्याच्या वरच्या हाडाची कड तासून पट्ट्याला जागा करून द्यायची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगात काही रुग्णांवर ती खरोखर केली, तर काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं आणि तासण्याचं काम केलंच नाही. २०१८ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०२१ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ७०८ जणांवरचा. फिजिओथेरपिस्टबरोबर एकदाच नीट बसून सल्ला आणि घरी करायचे व्यायाम घेऊन गेलेले लोक, आणि अनेक बैठकांत टप्प्याटप्प्याने व्यायाम करवून घेतलेले लोक, वर्षभरानंतर जवळजवळ सारखेच सुधारले होते. मला यात दिलासा दिसतो. खांद्याला महागडी करामत लागत नाही. थोडी समज आणि नेटाने केलेला साधा व्यायाम लागतो.

बागेत खांद्याला काय नडतं? एक संपूर्ण हात शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. साठ किलोंच्या माणसाचा हात तीन किलोंचा. तो समोर आडवा धरला की खांद्याचे ते छोटे स्नायू आधीच तीन किलो तोलत असतात. त्याच्या टोकाला लांब दांड्याची कात्री आली की काय होत असेल बघा. वेलाची छाटणी करताना दहा मिनिटांत हात का गळतो, याचं उत्तर यात आहे.

म्हणून कोपर बरगड्यांपासून फार दूर जाऊ द्यायचं नाही. कामाच्या समोर उभं राहायचं, बाजूने हात वळवून छाटायचं नाही. दर चार-पाच कापांनंतर हात खाली सोडायचा. जाड फांदीला एका झटक्यात कापण्याचा हट्ट सोडून टप्प्याटप्प्याने आवळत जाणारी कात्री वापरायची. तिची पाती धारदार हवीत, कारण बोथट कात्रीची भरपाई खांदा करतो. घट्ट रुतलेलं तण हाताने हिसकायचं नाही. आधी पाणी घालून माती सैल करायची, दोन्ही हातांनी धरायचं आणि अंगाचं वजन मागे टाकायचं. लांब काठीला लावलेली कात्री हा उपाय दिसायला सोयीचा आहे, पण तिचं सगळं वजन टोकाला असतं. खांदा दुखत असेल तर मला ती फारशी पसंत नाही. झाड हातात येईल एवढंच बुटकं राखणं हा खरा उपाय. शिडी तर नकोच.

एक प्रकार मात्र वेगळा ओळखायला हवा. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवा. तो फिरतच नसेल, दुसऱ्या कुणी धरून फिरवला तरी अडत असेल, तर खांदा आखडलेला असू शकतो. हे बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतं आणि मधुमेह असलेल्यांत जास्त दिसतं. यात हात जबरदस्तीने ओढण्याने फायदा नसतो. बरं व्हायला बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षंही लागतात, आणि तोपर्यंत उपचार काय घ्यायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

## किती काम म्हणजे जास्त काम?

विहिरीतून पाणी उपसतो तसं अंगातून काम उपसलं जातं. झरे जेवढं रात्रीत भरतात तेवढं रोज काढलं तर विहीर वर्षानुवर्षं पुरते. एका दिवशी तळ गाठला की मग आठवडा कोरडा जातो. बागकामात नेमकं हेच होतं: आठ-दहा दिवस काही नाही, मग एके दिवशी हवा चांगली पडते, हुरूप येतो, आणि सकाळपासून दुपारपर्यंत सगळा वाफा खणून होतो. वाफा खणल्याने पाठ धरली असं आपण म्हणतो. खरं तर तोच वाफा चार दिवसांत खणला असता तर पाठीने तक्रारही केली नसती. तरुणपणी झरे जोरात होते, म्हणून हा हिशोब ठेवावा लागत नव्हता, एवढाच फरक.

तेव्हा एका प्रकारचं काम पंधरा-वीस मिनिटं, मग दुसऱ्या प्रकारचं. खुरपणी झाली की उभ्याने करायचं काहीतरी, मग बसून रोपं लावणं. हात बदलता येत असेल तर बदलायचा. झाडताना, दाताळं ओढताना अधूनमधून बाजू बदलली की एकाच खांद्यावर भार येत नाही. बागेत वेळेचं भान राहत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे, म्हणून खिशातल्या फोनवर गजर लावलेला बरा. दुखायला लागल्यावर थांबायचं, असं ठरवलं तर उशीर झालेला असतो. कारण पाठ त्या क्षणी बोलत नाही, संध्याकाळी बोलते.

बेत बरोबर होता की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. काम करताना थोडं दुखलं, दहापैकी तीनच्या आसपास, आणि सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर तेवढं काम चालतं. सकाळी दुखणं वाढलेलंच असेल तर पुढच्या वेळी त्याच कामाचा तिसरा हिस्सा कमी करा. काम बंद करू नका. याला एक अपवाद आहे. बऱ्याच दिवसांनी नवीन काम केलं की मांड्या, दंड असे स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात. ते दुखणं दोन्ही बाजूंना सारखं असतं, दाबल्यावर दुखतं आणि आपोआप जातं. त्याची भीती नको.

## जमीन वर आणायची की आपण खाली जायचं?

दोन्ही चालतं, मधल्या मध्ये वाकून राहणं तेवढं टाळायचं. उभ्याने काम करायचं तर वाफा कंबरेच्या जवळपास यायला हवा. खुर्चीत किंवा चाकाच्या खुर्चीत बसून करायचं तर साधारण साठ-सत्तर सेंटीमीटर उंची सोयीची पडते, आणि खाली पाय जायला जागा असेल तर उत्तम. रुंदीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. वाफ्याला एकाच बाजूने हात लागत असेल तर साठ सेंटीमीटरांपेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूंनी लागत असेल तर एकशेवीस. त्यापलीकडे गेलं की हात लांब करावा लागतो, आणि लांब हाताचं गणित वर आलंच आहे.

आपण खाली जायचं तर बुटका स्टूल, किंवा दोन्ही बाजूंना उभे दांडे असलेलं, उलटसुलट करून बैठक आणि गुडघेटेक अशा दोन्ही कामी येणारं आसन घ्यावं. त्याची खरी किंमत बसताना कळत नाही, उठताना कळते. उकिडवं बसणं ज्यांना जमतं त्यांनी बसावं, पण सलग नको. गुडघे टेकायचे तर एकच गुडघा टेकून दुसऱ्या मांडीवर हाताचं कोपर ठेवलं की पाठीचा भार तिकडे जातो.

पाणी वाहून नेण्याचं काम तर बागेतून हद्दपारच करावं. पाइप किंवा ठिबक बसवता येत नसेल तर एक भरलेली झारी नेण्याऐवजी अर्ध्या भरलेल्या दोन झाऱ्या दोन हातांत. मोठ्या कुंड्यांना चाकांची बैठक. माती, खत हलवायचं तर घमेलं अर्धंच भरायचं, किंवा जाड कापडावर ठेवून ओढायचं. हातगाडी असेल तर माल चाकाच्या बाजूला भरा, म्हणजे वजन चाकावर जाईल, हातांवर येणार नाही. कुंड्यांत मातीबरोबर कोकोपीट किंवा परलाइट मिसळलं की कुंडी बरीच हलकी होते.

## 'चार दिवस पडून राहिलं तर बरं नाही का वाटणार?'

वाटेल, पहिल्या दिवशी. पण हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना म्हटलं, झेपेल तसं रोजचं आयुष्य चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला. अंथरुणावरचा गट मागे राहिला. उसण भरलेल्या दिवशी खणू नये हे उघड आहे. पण फिरून झाडं बघणं, बसून बिया निवडणं, हे चालू राहावं.

## 'एक गोळी घेतली की काम होतं, मग एवढा खटाटोप कशाला?'

कमी वाटतं ते गोळीमुळेच, असं नसतं. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात ताज्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल आणि औषध नसलेली गोळी यांत बरं होण्याच्या वेळेत फरक पडला नाही. २०२३ च्या दुसऱ्या एका प्रयोगात अफूवर्गातल्या औषधाचीही तीच गत झाली. सूज कमी करणाऱ्या गोळ्या काहींना थोडा आराम देतात. पण उतारवयात त्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात, मूत्रपिंडाला जड जातात, रक्तदाब वाढवतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. त्या डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस. कंबरेला शेक मात्र खुशाल घ्या. त्याने थोड्या काळासाठी खरंच बरं वाटतं आणि ती संधी साधून हालचाल करता येते.

गोळीचा एक तोटा कुणी बोलत नाही. ती घेऊन बागेत गेलं की पाठीचा आवाज ऐकू येत नाही, आणि विहीर तळापर्यंत उपसली जाते.

## 'या वयात ताकद कुठून आणायची?'

तिथूनच, स्नायूंतून. १९९० मध्ये नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त लोकांना आठ आठवडे वजनाचा नेमका, चढता व्यायाम दिला गेला. पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पावणेतीन पट. झरे वय झालं की मंदावतात, पण व्यायामाला प्रतिसाद द्यायचं सोडत नाहीत.

पासष्टीपुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगते. बागकाम पहिल्यात मोजायला हरकत नाही. बाकी दोन्हींसाठी वेगळं काही करावं लागतं. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं हे खुरपणीसाठी. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून ढुंगण उचलणं हे कुंडीसाठी. भिंतीवर हात टेकून दंड मारल्यासारखं करणं आणि रबरी पट्टा दोन्ही हातांनी छातीकडे ओढणं हे खांद्यासाठी. खांदा फार दुखत असेल तर कोपर अंगाशी ठेवून पुढचा हात भिंतीवर बाहेरच्या दिशेने नुसता दाबून धरायचा. सांधा न हलवता स्नायूंना काम मिळतं. कट्ट्याला हात धरून एका पायावर उभं राहणं हे सगळ्यासाठीच. सुरुवात इतकी हलकी हवी की हसू यावं, आणि मग दर आठवड्याला थोडंसं वाढवायचं. खणण्याचा हंगाम यायच्या महिना-दोन महिने आधी सुरू केलं तर पाठ तयार असते.

हाडं ठिसूळ झालेली असतील तर एक बदल आवश्यक आहे. पाठ गोल करून वजन उचलणं आणि पोटाचे पुढे वाकण्याचे व्यायाम टाळायचे, कारण अशा मणक्यांना दाबाने चीर जाऊ शकते. पाठ मागे खेचणारे स्नायू मात्र बळकट करायचे. नेमके कुठले व्यायाम, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

## घरी थांबू नये असं दुखणं कुठलं?

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद घटत जाणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्री असलं तरी, रुग्णालय गाठावं. नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असतो आणि उशीर महागात पडतो. छातीत दडपण, घाम किंवा धाप लागून खांदा-हात दुखत असेल तर तो खांद्याचा प्रश्न समजू नये. हृदयासाठी तातडीची मदत घ्यावी. पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा पडल्यावर, कधी नुसतं वाकल्यावर पाठीच्या मध्यात अचानक सुरू झालेली तीव्र कळ, यांसाठीही लवकर तपासून घ्यावं. पडल्यावर हात उचलताच येईनासा झाला तर रोटेटर कफचा पट्टा पूर्ण तुटलेला असू शकतो, आणि तिथे वेळेला महत्त्व असतं.

एक आजार बागकामाच्या नावावर खपून जातो. पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या आसपास, दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे एकदम दुखायला लागतात; सकाळी अंग पाऊण तासाहून जास्त आखडलेलं राहतं, कपडे घालायला त्रास होतो. माणूस म्हणतो, परवा जरा जास्त खणलं. पण हा पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका असू शकतो. साध्या रक्ततपासणीने संशय पक्का होतो आणि योग्य औषधाने काही दिवसांत फरक पडतो. सोबत नवी डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल असेल तर तातडीने जावं, कारण त्यात डोळ्याला धोका असतो.

चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून उभं राहिलं किंवा बसलं की बरं वाटतं, अशी तक्रार असेल तर मणक्यातली नसांची जागा अरुंद झालेली असू शकते. गंमत अशी की या लोकांना बसून खुरपणं जमतं आणि मान-पाठ मागे टाकून उंच वेल छाटणं त्रासदायक होतं. त्यांनी वरचे सगळे सल्ले जसेच्या तसे न घेता आपल्या अंगाला काय मानवतं ते बघावं.

## आणि काही कामं तरी सोडावीच लागतील ना?

हो. पण कोणती, ते आपण निवडलेलं बरं. खणणं हे बागेतलं सगळ्यात जड काम, आणि बऱ्याच वाफ्यांना दर वर्षी उलटंपालटं खणायची गरजच नसते. वरून कुजलेलं खत पसरलं तरी चालतं. पाला, भुसा, पेंढा यांचा पाच ते आठ सेंटीमीटर थर दिला की तण कमी उगवतं आणि पाणीही कमी लागतं. झाडाच्या खोडाशी तेवढा लागू द्यायचा नाही. दर हंगामाला नव्याने लावावी लागणारी फुलझाडं कमी करून वर्षानुवर्षं टिकणारी झुडपं लावली की वाकण्याच्या खेपा घटतात. मोठी कुंडी हलवणं, उंच फांदी तोडणं, पोती वाहणं, ही कामं तरुण हातांना सांगावीत, आणि सांगताना संकोच करू नये.

रोपं लावणं, खुडणं, कलम बांधणं, बी धरणं ही कामं मात्र कुणाला देऊ नका. ती बसून, कंबरेच्या उंचीवर, कोपर अंगाशी ठेवून करता येतात, आणि बागेत जायचं मन होतं ते बहुतेकदा यांच्यासाठीच.